शिंपल्यांची भिंत

ब्याण्णव साली उत्तनच्या बसस्टॉपवर माझ्यापुढे एक जोडपं लहान मुलीला घेऊन उभं होतं.

“वासंती, किनाऱ्यावरचा तो खडक म्हणजे मुळात वाळूच. शिंपल्यांचा चुना मुरला आणि दगड झाला.”

“अहो, आपल्या भाईंदरच्या नव्या फ्लॅटच्या भिंतीतही शिंपले आहेत.”

“बिल्डरने खाडीची वाळू वापरली असेल.”

“हात लावला की प्लास्टर पडतं. काल पिंकीच्या ताटात पडलं.”

“होईल गं हळूहळू घट्ट.”

“खडकाला किती वर्षं लागली?”

“असतील दोन-तीन हजार.”

“बरं. मग तोवर आम्ही गिरगावात आईकडे राहतो.”

बस आली.

“अगं, आपल्या घराजवळच्या नाक्याची तिकिटं काढू ना?”

“तुमचं काढा. आमची दोघींची स्टेशनची.”