तू तिथलाच ना?

...आणि वर मलाच विचारतात, "तू तिथलाच ना?" अहो, तिथला म्हणजे काय, तिथे जन्मलो! जन्माला येताना काही गावचा नकाशा काखोटीला मारून नव्हतो आलो! तुम्हाला सांगतो, परदेशात टीव्हीच्या कचेरीत बातमीदार म्हणून बसलं ना, की आपल्या देशात नुसतं खुट्ट झालं तरी सगळ्या माना आपल्याकडे वळतात.

परवा तेच. मी बसलोय कुठल्या तरी तिसऱ्याच देशाच्या निवडणुकीची बातमी लिहीत, आणि संपादकबाई धावत आल्या. "पूर! तुमच्याकडे पूर! तू तिथलाच ना?" बघतो तर काय, पडद्यावर चक्क आमचं गाव! म्हणजे नाव आमच्या गावाचं, बाकी एक इमारत ओळखेन तर शपथ! नदी तेवढी ओळखीची वाटली, तर तीसुद्धा रस्त्यावरून चाललेली!

गावी आई आणि ताई, दोघीच. फोन लावतो, लागत नाही. इकडे मेकअपवाली नाकावर पावडर थापतेय, "घाम किती येतोय तुला! घाबरतोस काय, तू तिथलाच ना?" अगं, त्याचाच तर घाम येतोय, माझे आई!

बसवलं कॅमेऱ्यासमोर. निवेदक विचारतो, "आता पाणी कुठवर जाईल?" मला काय ठाऊक? मी गाव सोडलं तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते! पण टीव्हीवर 'माहीत नाही' म्हणायची सोय नसते. मग काय, आजोबांच्या तोंडून ऐकलेला जुना पूर काढला बाहेर. म्हटलं, "पाणी आधी पोस्टाच्या पायऱ्यांना लागतं. तिथे लागलं की आमच्या गल्लीत कमरेएवढं झालंच म्हणून समजा!" इतक्या गंभीरपणे बोललो की मलाच खरं वाटलं. खाली पट्टी फिरतेय, 'स्थानिक जाणकार'. जाणकार! स्वतःच्या घरी फोन लागत नाही, आणि जाणकार!

बाहेर येऊन पुन्हा लावला. आता रिंग जातेय, पण उचलतंय कोण? नको नको ते डोळ्यांसमोर यायला लागलं... शेवटी उचलला एकदाचा. ताई. आणि ही धापा टाकतेय!

"ताई! पोहत आलीस का गं? पाणी कुठवर आलंय?"

"कसलं पाणी? ते पलीकडच्या नव्या वस्तीत. माणसं कालच हलवली तिथली. आपली गल्ली कोरडी ठणठणीत!"

"आणि पोस्टाच्या पायऱ्या?"

"पोस्ट? अरे, तिथे चपलांचं दुकान होऊन जमाना झाला!"

घ्या! माझ्या डोक्यातलं गाव अजून पोस्टापाशी उभं, आणि खरं गाव मला न सांगता केव्हाच पुढे निघून गेलेलं! जगाच्या बातम्या सांगतो मी, आणि ही एक तेवढी कळली नव्हती.

"मग तू धापा कसल्या टाकतेयस?"

तेवढ्यात आईने फोन हिसकावला. "कसल्या म्हणजे? गल्लीतल्या पोरींनी मोबाइलवर तुझं भाषण लावलं. तू म्हणालास कमरेएवढं! आम्ही म्हटलं, एवढ्या लांबून सांगतोय म्हणजे खरंच असणार. अख्ख्या गल्लीने मिळून माझं लोखंडी कपाट माडीवर चढवलं! आता उतरवायला एक जण तयार नाही. म्हणतात, सांगणाऱ्यालाच बोलवा."

"अगं आई, पण मी इथून कसा..."

"का? तू इथलाच ना?"

टाकली रजा. संपादकबाई भलत्याच खूश. "जा, जा! तिथून थेट बातमी दे!" देतो ना! पूर ओसरला, बातमीदार जिन्यात अडकला!