तीन बोटं लाकूड

तोकुझो : कोट काढू नकोस. कोटातच उचलून बघ. दुकानात शेगडीशेजारी नुसत्या सदऱ्यावर जुळलेली रायफल बर्फात दगा देते. दस्ता काखेत अडकतो.

सावाए : ही जड आहे.

तोकुझो : जड नाही, नळीकडे झुकलेली आहे. बसून, लांबून मारणाऱ्याला चालते. तुला उभ्याने मारायचंय, आधाराशिवाय, झुडपातून अस्वल निघेल तेव्हाच. ही घे.

सावाए : ही चटकन येते वर.

तोकुझो : येते, पण थांबत नाही. टोक बघ कसं नाचतंय. फार हलकीही कामाची नाही. तोल दोन हातांच्या मध्ये बसायला हवा.

हेइरोकु : तोकुझो, मी सुनेबरोबर आलो तो तुला थांबवायला. आम्हा माताग्यांत, डोंगरातल्या पिढीजात शिकाऱ्यांत, बाई शिकारीला उभी राहत नाही. डोंगरदेवी मत्सरी आहे. तिला बाईमाणूस खपत नाही.

सावाए : मामंजी, टोळीत उरलंय कोण? तुम्ही, दमेकरी यासुके आणि हाकारे घालणारा एक. देवीला म्हातारे फार आवडतात वाटतं.

हेइरोकु : तोंड चालतं तुझं.

सावाए : बंदूकही चालते. दहा वर्षं छऱ्यांची वापरली, तेव्हा कुठे रायफलचा परवाना मिळतोय. वसंत लागलाय, बर्फ कडक झालाय. ते फाटक्या कानाचं अस्वल आता बिळातून निघेल. एकदा आपल्या बागेत आलंय, पुन्हा येणारच.

हेइरोकु : काझुमासारखा नेमबाज त्याच्यासमोर चुकला, तिथे तू काय करणार?

तोकुझो : जाऊ दे, हेइरोकु.

हेइरोकु : का जाऊ दे? मी बघत होतो. गोळी पाठीवरून गेली. दुसरी भरायला वेळच मिळाला नाही. माझ्या पोराचा हात थरथरला. घाबरला.

सावाए : हे घाबरणारे नव्हते. चार महिने झाले, फोटोपुढे एक उदबत्ती लावली नाहीत तुम्ही. पोटच्या पोराला.

हेइरोकु : लावली नाही.

सावाए : तोकुझोकाका, ह्यांची रायफल पोलिसांनी तुमच्याकडे दिलीय ना? ती दाखवा.

तोकुझो : ती नको. मोडीत जाणार आहे. ही तिसरी बघ, फार गुणाची आहे.

सावाए : मोडीत जाण्याआधी एकदा.

तोकुझो : हट्ट करू नकोस, पोरी.

सावाए : काय झालंय तिला?

(तोकुझो लोखंडी कपाट उघडतो.)

तोकुझो : घे. रिकामी आहे, तरी उघडून बघ. हं. आता त्या कॅलेंडरकडे तोंड कर. डोळे मिट आणि मिटूनच खांद्याला लाव. गाल टेकला? उघड. नळीच्या टोकाची माशी कुठे दिसते?

सावाए : मागच्या खाचेत. बरोबर मध्ये.

तोकुझो : पुन्हा.

सावाए : तिथेच. काका, हे माझ्याहून वीतभर उंच होते.

तोकुझो : होते.

सावाए : मग ह्यांची रायफल मला मापात कशी येते?

तोकुझो : चहा टाकू का?

सावाए : भातकापणी झाल्यावर ह्यांनी दोरीने माझा हात मोजला होता. कोपरापासून बोटापर्यंत. म्हणाले, तुला नवा कोट शिवायला टाकतो. मी कोटाची वाट बघत होते.

हेइरोकु : कसला कोट? काय चाललंय तुमचं?

तोकुझो : ती दोरी घेऊन तो माझ्याकडे आला. म्हणाला, वसंतात सावाए टोळीत उभी राहील, ही तिला द्यायची, बापाला मी समजावतो. दस्ता तीन बोटं कापून घेतला. स्वतःला दुसरी बर्फ वितळल्यावर घेणार होता. अस्वलं आता हिवाळाभर निजतील म्हणाला. पण रानात फळच धरलं नव्हतं. ती उपाशी, निजतात कुठली.

हेइरोकु : म्हणजे त्या दिवशी...

तोकुझो : त्याच्याकडे रायफल तीच एक. तू हाक मारलीस, तो निघाला. दस्ता आखूड आहे हे त्याला माहीत होतं, पण घाईत हात जुन्याच मापाने उचलतात. गाल नीट बसत नाही, डोकं वर राहतं आणि गोळी वरून जाते. घाबरून नाही चुकला तो, हेइरोकु.

हेइरोकु : आणि तू गप्प बसलास.

तोकुझो : तुला सांगितलं असतं तर हिलाही कळलं असतं. माझ्यापायी गेले, असं हिने जन्मभर म्हणत बसायचं?

सावाए : ते तर मी आता म्हणणारच, काका.

तोकुझो : म्हणून सांगतो, तिसरी घे. ही मोडीत जाऊ दे.

सावाए : नाही. हीच माझ्या नावावर करा.

हेइरोकु : सूनबाई, हातात धरवेल तुला ती?

सावाए : धरवत नाहीये, मामंजी. पण माशी खाचेत बसते.

हेइरोकु : मग डोंगरावर माझ्या डावीकडे उभी राहा. काझुमाची जागा.

तोकुझो : आणि देवी?

हेइरोकु : तिच्याशी मी बोलतो. तो कापलेला तुकडा फेकलास का रे?

तोकुझो : खणात आहे. अक्रोडाचं लाकूड, फेकवलं नाही.

हेइरोकु : दे इकडे, फोटोपुढे ठेवतो. आणि सूनबाई, जाताना उदबत्त्यांचा पुडा घ्यायची आठवण कर मला.