जीपचा हूक चौदा की अकरा

मापं मी घेत होतो, त्यामुळे शिव्याही मलाच. बाबांनी वज्रेश्वरीच्या जत्रेत चहा विकायला चाकांवरची खोली घेतली होती. जीपला जोडली की तिचं तोंड खाली जाऊन रस्त्याला घासायचं. मी जीपचा हूक वर बसवला, जमिनीपासून मोजला, चौदा इंच. चहा पिऊन आलो तर अकरा.

"कॉलेज सोडलंस आनि टेप पन वाचता येत न्हाय," म्हणत बाबा नि काका जीपच्या मागच्या फळीवरून उतरले. त्यांनी मोजलं. चौदा.

दोघं परत फळीवर बसले. मी मोजलं. अकरा.

डोकंच चालेना. मग ट्यूब पेटली. "तुमच्या वजनानं जीप दबतेय. उतरा आधी."

"कशाला? जत्रेला जाताना पन आमी हितंच बसनार हाय. हूक अजून वर घे," बाबा म्हणाले.

म्हातारा बरोबर होता. राग त्याचाच आला.