करंगळीच्या पेराएवढी पिन

…नाही, हसा तुम्ही, हसायला काय जातंय, आमची बायकोही आधी अशीच हसली होती आणि आज तीच… पण ते शेवटी. आधी मला सांगा, माणसाचा संसार कशावर टिकतो? प्रेमावर? विश्वासावर? साफ चूक. माझा पिनेवर टिकलाय. पिन हो… करंगळीच्या पेराएवढी पिन.

गिटार पाहिलीय ना तुम्ही? तिच्या पोटावर, त्या मोठ्या भोकाच्या खाली, एक लाकडी पट्टी चिकटवलेली असते. तिला सहा छिद्रं. तारेच्या टोकाला बारीक मणी असतो, तो छिद्रात सोडायचा आणि वरून पिन दाबायची, बाटलीला बूच मारतात तशी. झालं, पिनेचं काम संपलं. पुढे तिनं फक्त तिथं बसून राहायचं. आता असे नुसते बसून राहणारे आमच्या ऑफिसात डझनाने आहेत, त्यांच्यामुळे ऑफिसच्या आवाजात फरक पडलेला कुणी ऐकलाय? पण गिटारच्या बाबतीत म्हणे पडतो.

सुरुवात झाली बटणरावांमुळे. बटणराव म्हणजे आमच्या गल्लीतले विमा एजंट, घरी कीबोर्ड बाळगून आहेत. एक बटण दाबलं की चाळीस माणसं व्हायोलिन वाजवतात, आणि त्या चाळिसातला एकही मध्येच थांबून “पट्टी कुठली होती गं?” असं विचारत नाही. मी विचारतो. म्हणजे असं बघा, गल्लीच्या वाचनालयाचा वर्धापनदिन असतो, त्यात बायको गाते आणि साथीला मी, लग्न झाल्यापासून हीच जोडी. गेल्या वर्षी कार्यक्रम संपल्यावर हे बटणराव हातात कप घेऊन आले आणि म्हणतात कसे, “वहिनी, काय गळा लागलाय आज. फक्त… गिटार जरा डब्यात बसल्यासारखी वाटली, नाही?”

बायको काही बोलली नाही. तुम्हाला सांगतो, बायको बोलते तेव्हा घाबरायचं नसतं. घरी येऊन चपला काढता काढता म्हणाली, “अहो, तथ्य आहे हो त्यांच्या म्हणण्यात. पुढच्या वेळी त्यांनाच घ्यावं साथीला.”

झालं. दुसऱ्या दिवशी मी गिटार घेऊन दुकानात. दुकानदारानं तिच्या पोटावर दोन बोटं वाजवली, कान लावला, मग पिनांकडे बघून असा सुस्कारा टाकला की मला वाटलं आता नातेवाईकांना बोलवा म्हणतोय. “साहेब,” हळूच, बाकीच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ नये म्हणून, “प्लास्टिक?” मी मान खाली घातली. “प्लास्टिक म्हणजे आवाजाच्या तोंडात बोळा, साहेब. हाड घ्या हाड, आवाज कसा घासूनपुसून स्वच्छ. शिसव घ्याल तर मखमल. आणि पितळ… पितळेनं आवाज लांबतो.” म्हटलं, किती लांबतो? “तुम्ही तार छेडून घरी जा, तो मागून येईल.”

हाड घेतलं. त्यानंच बसवून दिलं, नव्या ताराही चढवल्या, आणि जुन्या प्लास्टिकच्या पिना मी माझ्या हातानं, तुच्छतेनं, कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घरी येऊन वाजवली. काय तो उजेड आवाजात! बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. “छान.” छान काय? कसा वाटतो सांग ना. “गिटारसारखा.” एवढ्यात आतून सासूबाई म्हणाल्या, “फरक आहे हो जावईबापू. कितीतरी गोड झालाय.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरात एकाला तरी कान आहेत… आणि मग नजर फळीवर गेली. सासूबाईंचं कानात घालायचं यंत्र तिथं होतं. सेल काढून ठेवलेले.

पण एकदा माणूस ऐकायला लागला की संपलं हो. चार दिवसांनी हाडाचा आवाज टोचायला लागला. मग शिसव. शिसवीनं आवाज एवढा गंभीर झाला की वाढदिवसाचं गाणं वाजवलं तर लोक सांत्वनाला आले. मग पितळ. पितळेचं काय सांगू, संध्याकाळी तार छेडली ती सकाळी मी दात घासताना अजून वाजतेय, शेजारी दार ठोठावून विचारतात, तुमचा नळ चालू राहिलाय का. मग खालच्या तीन तारांना पितळ, वरच्या तीनना हाड. मग उलट. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी टेबलावर पेन आपटतोय, साहेब म्हणाले, “काही म्हणायचंय?” मी म्हटलं, “प्लास्टिक आहे, सर.” कशासाठी हे सगळं? पिन हो… करंगळीच्या पेराएवढी पिन.

असं करता करता यंदाचा वर्धापनदिन आठवड्यावर आला. बायको म्हणाली, “भिंतीकडे तोंड करून बसा. मी एकेक पिन बदलते, तार छेडते, तुम्ही ओळखा.” बसलो. मागं खुडखुड, खडखड, मग टणत्कार. म्हटलं, हाड. “बरं.” परत खुडखुड, टणत्कार. पितळ, डोळे मिटून सांगतो. परत. म्हटलं, शिसव, बघ आवाज कसा दारात चपला काढून आत आला. वळून बघतो तर बायकोच्या हातात काड्यापेटी. तीच हलवत होती. एकही पिन बदललेली नव्हती. आणि मी, मी हो, ज्याला ठाऊक आहे की पिन बदलायची तर आधी तार सैल करा, पिन उपटा, नवी बसवा, पुन्हा सुरात आणा, चहा होऊन थंड होतो तेवढ्यात… माझ्या हे डोक्यातही आलं नाही.

“तो दुकानदार दर वेळी नव्या तारा चढवतो ना?” ती म्हणाली. “त्यानं उजळतो आवाज. धुतलेला शर्ट घातला की माणूस उजळ दिसतो, त्याचं श्रेय काय बटणाला देता?” बटण म्हणाली तेव्हाच मी समजलो पुढं कोण येणार. “यंदा मी बटणरावांबरोबर गाते.”

म्हटलं, अगं, एवढ्याशा पिनेवरून?

“पिनेवरून नाही. वर्षभर मी गातेय आणि तुम्ही पिना ऐकताय. मला ऐकलंत कधी?”

शेवटी हातापाया पडून एक गाणं मिळवलं. एकच, सगळ्यात शेवटचं. ते नीट झालं तर पुढचं पुढे, नाहीतर गिटार माळ्यावर.

वर्धापनदिनाला बटणरावांनी बटण दाबून पाऊस पाडला, तर तिसऱ्या रांगेतल्या आजींनी पदर डोक्यावर घेतला, इतका खरा. टाळ्या. मग मी. आता हाडाची एक पिन छिद्रात घट्ट बसत होती म्हणून मी घरी ती कानसीनं जरा घासली होती… जरा म्हणजे जरा जास्त. शेवटचा पीळ दिला, सूर लागला, आणि टक्. पिन उडाली, पहिल्या रांगेवरून गेली आणि थेट अध्यक्षांच्या पाण्याच्या ग्लासात. टुण्ण. देवाशपथ सांगतो, आवाज हाडाचाच होता.

तार लोंबतेय. जादा पिना घरी. प्लास्टिकच्या केव्हाच कचऱ्यात गेलेल्या. बटणराव बाजूनं, “वहिनी, मी वाजवू का?” आणि बोट बटणावर तयार. बायकोनं त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझं तोंड बघण्यासारखं असणार, कारण तिनं कपाळाला हात लावला, तोच हात मागं नेला, अंबाड्यात खोचलेली लाकडी काडी ओढली, केस सगळे पाठीवर, तारेचा मणी आत सोडला, काडीचं टोक छिद्रात घातलं, कट्कन मोडलं आणि अंगठ्यानं दाबलं. “लावा सूर.”

लावला. आणि मग पिना ऐकायच्या कुठल्या? ती काडी कधी उडेल या भीतीनं मी असा हलक्या हातानं वाजवत होतो, जसं झोपलेल्या पोराच्या अंगावरून पांघरूण काढतोय. कान सगळा तिच्याकडे. ती श्वास घेई तिथं मी थांबे. गाणं संपलं तरी कुणी हललं नाही, अध्यक्ष तर ग्लास हातात धरून तसेच, पिनेसकट.

बटणराव आले. “गिटारला काय केलंत हो? आवाजच बदललाय.”

जड अंतःकरणानं म्हटलं, “काही नाही. केसातली काडी.”

घरी येताना मी शहाण्यासारखा म्हणालो, पटलं गं मला, पिनेनं काही फरक पडत नाही. बायको काही बोलली नाही. आठवतंय ना मी काय म्हणालो होतो, ती बोलत नाही तेव्हा… चपला काढता काढता म्हणाली, “नाही हो. ती एक तार मात्र गोड वाजत होती. बाकीच्या पाच जरा डब्यात बसल्यासारख्या.”

आता ती स्वतः दुकानात जाते. तो दुकानदार तिला ताई म्हणतो, दोघं लाकडाचे तुकडे कानाशी धरून ठोकतात, मी बाहेर पिशवी धरून उभा. फरक नाही म्हटलं तर म्हणते, तुम्हाला कानच नाहीत, आणि आतून सासूबाई, “आहे हो फरक.” बटणरावांना निरोप गेलाय, साथीला मीच, कायमचा. अंबाड्यातल्या काड्या सगळ्या गिटारमध्ये गेल्या, म्हणून अंबाड्यात सध्या माझं पितळी पेन आहे. काल विचारलं, परत कधी देतेस?

म्हणाली, “राहू दे. पण पितळेला लाकडाची सर नाही हो, केस जरा लांबतात.”