पायपाच्या झाकणाशी

आमच्या घाटाखाली पाण्यावर वीज करायला नुकती सुरुवात झाली होती, तेव्हाचं सांगतो. माणूस उभा चालेल एवढा पाईप, आणि त्यात पाणी सोडायचं चाक माझ्या हातात.

साहेब म्हणाले, "आत कोणी नाही. सोड."

चाकाला हात लावला, तर पाईपात उतरायच्या झाकणाशी वहाणा दिसल्या.

"सायबानू, व्हाणा भायर आसत."

"टाकल्या असतील कोणी. सोड म्हणतो ना."

"टाकलेल्यो न्हय. देवळात जाताना ठेवतत, तशो जोडून ठेवलेल्यो आसत."

मी चाकावरचा हात काढला आणि झाकणातून हाक मारली. पुन्हा मारली. मग खोल आतून आमचा रंगवाला बाबलो बोलला, "बोंबालतंस कित्याक रे? रंग सुकांदे, मगे सोड पाणी."

साहेब चाकापासून मागे सरले. म्हणाले, "त्याला सांग, दोन दिवस सुकू दे."