नाय नव्हे, नाही

...आणि वर तुम्ही मला हार घातलात, मुरबाडहून माईक आणवलात, 'भगीरथ आबा, युरोपातली जुनी शहरे सांगा' म्हणून धसईच्या या वाचनालयात मांडी ठोकून बसलात. अहो, सांगायचे काय? इथली प्रवासवर्णने मी तीस वर्षे वाचली, कोपनहेगन ही डेन्मार्कची राजधानी हे झोपेतून उठवले तरी सांगितले असते, पण निमंत्रण आले कोणाला? आमच्या हिराबाईला. डोळखांबच्या डोंगरातली भाताची बत्तीस वाणे तिने मडक्यांत राख घालून जपली, म्हणून तिकडच्या बियाणे परिषदेत तिचे भाषण, आणि मी कोण? मी सोबत. कागदावर तसेच लिहिले होते, 'सोबत'.

म्हटले, हरकत नाही, भाषण आपण लिहू. सात पाने लिहिली. 'वसुंधरेच्या कुशीतील बीजवैभवाचे संवर्धन' अशी सुरुवात. ती म्हणाली, "अवो, यातला मला एक शबूद कलत नाय." मी म्हटले, "नाय नव्हे, नाही म्हण." तुम्हाला सांगतो, लग्नाला बेचाळीस वर्षे झाली, भात शिजला नाय म्हणाली, मी म्हटले नाही म्हण, मला बरा वाटत नाय म्हणाली, तरी मी... होय, अंगात ताप असतानासुद्धा.

तर भाषणाच्या आदल्या दिवशी मी तिला शहर दाखवायला निघालो. सोबत कुणाली, म्हणजे तिकडे शिकणारी शहापूरची मुलगी, तीच दुसऱ्या दिवशी भाषांतर करणार होती. दगडी फरसबंदीच्या अरुंद गल्ल्या, रंगवलेली उंच घरे, आणि मी प्रत्येक घरापुढे थांबून सन सांगतो आहे. हिराबाई वर बघून म्हणाली, "कवलं सरकली तं शाकारायला कोन चढत आसल? शिडी तं दिसत नाय." मी म्हटले, "नाय नव्हे..." तेव्हा कुणालीने मला बाजूला घेतले. "आबा, आजी माझ्याशी घडाघडा बोलतात. तुम्ही जवळ आलात की गप्प का होतात?" मी काय उत्तर दिले असेल? मी म्हटले, "वारा गार आहे."

कुणाली तिच्या वर्गाला गेली आणि आम्ही एका जुन्या चर्चपाशी आलो. देवाचे दार, मी बूट काढून भिंतीशी ठेवले. हिराबाई म्हणाली, "दुसऱ्या कोनी काढलं नाय." मी म्हटले, "नाय नव्हे, नाही. आणि लोकांना रीत नसली तरी आपल्याला आहे." बाहेर येतो तो काय, एक उंच म्हातारा जुन्या कपड्यांची हातगाडी घेऊन उभा, आणि माझे बूट त्याच्या हातात. कोणी गोरगरिबांसाठी ठेवले, असे समजला बिचारा. मी भोकाच्या मोज्यांनिशी धावलो. "सर, काइंडली डेसिस्ट." तो हसला. "नाही, नाही," मी म्हटले. त्याने मान डोलावली आणि बूट गाडीत टाकले.

मागून हिराबाई म्हणाली, "नाय."

म्हातारा थांबला. "नाय?"

"नाय."

त्याने बूट काढून माझ्या पायांशी आणून ठेवले, टोपीला हात लावला, तोही तिच्याकडे बघून, आणि गेला. संध्याकाळी कुणालीने उलगडा केला: डॅनिश भाषेत नकाराचा शब्द अगदी असाच उच्चारतात. तीस वर्षे मी डेन्मार्क वाचला, एकाही पुस्तकात हे सापडले नाही... आणि घरात बेचाळीस वर्षे ऐकत होतो.

पण ते संध्याकाळचे. तेव्हा मी चर्चच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होतो. ती हसली असती तर बरे झाले असते, हसली नाही. पिशवीतून माझी सात पाने काढली आणि हळूच, माझ्यापुढे बोलते तितक्याच हळू, म्हणाली, "उंद्या ह्याच वाचायचा ना?"

मनात पुष्कळ होते. तुझे तू बोल म्हणायचे होते, तापाच्या त्या दिवसाचेही बोलायचे होते, चांगली शुद्ध वाक्ये जुळवीत होतो, आणि तोंडातून एकच निघाले.

"नाय."

तिने पाने पिशवीत घातली.

"नाय नव्हं," म्हणाली, "नाही म्हना."

आणि व्याकरणदृष्ट्या, श्रोतेहो, तिचे बरोबर होते.