माळ्यावरचा कांदा

जामखेडला अनुदानाच्या रांगेत माझ्या पुढे एक म्हातारी आणि तिचा मुलगा उभे होते.

“आई, आत गेल्यावर गप राहा. साहेबाशी मी बोलतो.”

“काय बोलनार हायेस, बजरंग?”

“माळ्यावरच्या तुझ्या खोलीला पत्र्याखालून थर्माकोल मारायचंय. त्याला अनुदान मागतो.”

“देत्यात व्हय?”

“खोलीला न्हाई देत. कांदाचाळीला देत्यात. म्हनून अर्जात तुझी खोली कांदाचाळ दाखवलीय.”

“आसं! म्हंजी आता मी कांदा.”

“लोक ऐकत्यात, आई.”

“ऐकू दे की. खालची माझी गार खोली कांद्याला दिलीस, त्याला पंखाबी लावलास. आन् मला पत्र्याखाली भाजाय घातलंस.”

“मग भाव येईस्तोवर कांदा टिकवाय नको?”

“टिकव, टिकव. म्हातारी काय, टिकली काय आन् न्हाई काय.”

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. साहेबांनी अर्ज वाचला.

“कांदाचाळ माळ्यावर? पाहणीला यावं लागेल.”

“भर दुपारचं या, साहेब,” म्हातारी म्हणाली. “कांदा एकच हाय. डोक्यावर वला पदर घिऊन बसलेला आसतो.”

साहेबांनी अर्ज परत सरकवला. मायलेक बाहेर आले.

“घातलंस सगळं पान्यात!”

“घरी चल. तुझा कांदा माळ्यावर चढव, मी खाली येते. मग अर्जबी खरा व्हईल.”

“येडी का काय तू? पत्र्याखाली आठ दिसांत सडंल त्यो!”

“म्हंजी ठावं हाय तुला.”